सक्सेशन प्लॅनमधील विविधता कशी मोजावी

शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर, म्हणजे व्यावसायिक जबाबदारी व शाश्वतता अहवाल, द्यावा लागतो. त्याच्या पहिल्याच भागात एक छोटा तक्ता असतो, ज्यात संचालक मंडळात एकूण किती व्यक्ती व त्यांत स्त्रिया किती आणि प्रमुख व्यवस्थापकीय पदांवर किती व्यक्ती व त्यांत स्त्रिया किती, एवढीच माहिती भरायची असते. बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विभागाचे विविधतेचे मोजमाप या तक्त्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

या आकड्याची मर्यादा उदाहरणाने लगेच कळते. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी, तीन कारखाने असलेली, शेअर बाजारात नोंदणीकृत अशी एक काल्पनिक कंपनी धरू. कंपनी कायद्याच्या व्याख्येनुसार तिच्या प्रमुख व्यवस्थापकीय पदांत व्यवस्थापकीय संचालक, मुख्य वित्त अधिकारी (सीएफओ) आणि कंपनी सचिव अशा तीन व्यक्ती येतात आणि कंपनी सचिव स्त्री आहे. अहवालात 33.3 टक्के असा भारदस्त आकडा छापला जातो. कारखाना चालवणाऱ्या, माल विकणाऱ्या आणि नफ्यातोट्याची जबाबदारी असलेल्या पदांवर एकही स्त्री नाही, ही गोष्ट त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आणि पुढच्या पाच वर्षांत ती परिस्थिती बदलण्याची शक्यता किती, हे तर मुळीच दिसत नाही.

पुढील मार्गदर्शन त्या तक्त्यापलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या एचआर अधिकाऱ्यांसाठी, कंपनी सचिवांसाठी आणि नामनिर्देशन व मोबदला समितीच्या, म्हणजेच एनआरसीच्या, सदस्यांसाठी आहे. वरच्या पदांवरची टक्केवारी ही सर्वांत उशिरा बदलणारी आणि म्हणून सर्वांत कमी बोलणारी गोष्ट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पहिल्या स्त्री व्यवस्थापकीय संचालक प्रिया नायर यांनी 1 ऑगस्ट 2025 रोजी सूत्रे घेतली, पण त्या कंपनीत रुजू झाल्या होत्या 1995 साली. आज वर दिसणारा आकडा तीस वर्षांपूर्वीच्या भरतीचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक बढतीचा हिशेब असतो. उद्याचा आकडा पाहायचा असेल तर सक्सेशन प्लॅनमध्ये, म्हणजे महत्त्वाच्या पदांच्या उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत, कोणाची नावे आहेत, ती किती काळ तिथेच पडून आहेत आणि पद रिकामे झाल्यावर ते प्रत्यक्षात कोणाला मिळाले, हे मोजावे लागते.

कायदा किती विचारतो

कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 149 आणि त्याखालील नियमांनुसार शेअर बाजारात नोंदणीकृत प्रत्येक कंपनीत, तसेच भरणा झालेले भांडवल 100 कोटी रुपये किंवा उलाढाल 300 कोटी रुपये वा त्याहून अधिक असलेल्या प्रत्येक पब्लिक कंपनीत, किमान एक स्त्री संचालक असावी लागते. ही अट पूर्ण करण्याची मुदत जवळ आली तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातच शोध घेतला आणि पत्नी, मुलगी किंवा सून मंडळावर आली. त्यांतल्या काही जणी उत्तम काम करणाऱ्या होत्या, पण नियमाचा हेतू तो नव्हता. कंपन्यांच्या कारभाराविषयी नेमलेल्या उदय कोटक समितीच्या 2017 च्या शिफारशींनंतर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने स्त्री संचालक स्वतंत्र असण्याची अट घातली आणि ती पहिल्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून, तर पहिल्या 1000 कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून लागू झाली.

सक्सेशनबाबत सेबीच्या एलओडीआर नियमावलीतील (शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची कर्तव्ये सांगणाऱ्या) नियम 17(4) असे सांगतो की, संचालक मंडळावरील व वरिष्ठ व्यवस्थापनातील नियुक्त्यांसाठी सुरळीत उत्तराधिकाराची योजना तयार आहे, याची मंडळाने स्वतः खात्री करून घ्यावी. संचालक मंडळातील विविधतेबाबतचे धोरण आखणे हे एनआरसीच्या कामांतच येते. गंमत अशी की या दोन जबाबदाऱ्या नियमावलीत वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि सक्सेशन प्लॅनमधली विविधता मोजा, असे कुठेही थेट लिहिलेले नाही. त्यामुळे ती मोजण्याची पद्धत कंपनीलाच ठरवावी लागते.

‘वरिष्ठ’ म्हणजे कोण, हे आधी गोठवावे

मोजमाप बिघडते ते बहुधा छेदात. वरिष्ठ नेतृत्व म्हणजे कोण, याची व्याख्या दरवर्षी थोडी सरकत राहिली तर टक्केवारी हवी तशी वाढवता येते आणि त्यासाठी कोणाला खोटे बोलावेही लागत नाही. हुद्द्यांवर विसंबणे तर सर्वांत धोक्याचे आहे, कारण आपल्याकडे हुद्दे फार स्वस्त झाले आहेत. एखाद्या खासगी बँकेतला ‘व्हाइस प्रेसिडेंट’ आणि एखाद्या कारखान्यातला ‘व्हाइस प्रेसिडेंट’ यांच्या अधिकारांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो आणि एकाच कंपनीतही तसे होते.

म्हणून व्याख्या हुद्द्याऐवजी रिपोर्टिंगच्या पायरीवर बांधावी. एलओडीआरमधील वरिष्ठ व्यवस्थापनाची व्याख्या इथे उपयोगी पडते: सीईओ किंवा व्यवस्थापकीय संचालक यांच्या एक पायरी खालचे सर्व अधिकारी, विभागप्रमुखांसह, आणि त्यांत कंपनी सचिव व सीएफओ. याला पहिली पायरी म्हणावे. त्यांच्या थेट हाताखालचे अधिकारी ही दुसरी पायरी. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांच्या नेतृत्वातील स्त्रियांची मोजणी करताना कार्यकारी समिती आणि तिच्या सदस्यांचे थेट सहकारी असा एकत्र गट धरतात, त्यामागेही हेच कारण आहे की एकटी वरची पायरी फार छोटी असते. सीईओंचा स्वीय सहायक किंवा कार्यकारी सहायक थेट त्यांना रिपोर्ट करत असला, तरी त्याला पहिल्या पायरीत धरू नये. अशा अपवादांची यादी लेखी असावी. व्याख्या एकदा एनआरसीकडून मंजूर करून घ्यावी आणि पुढे बदललीच, तर मागच्या तीन वर्षांचे आकडे नव्या व्याख्येने पुन्हा काढून दोन्ही शेजारी छापावेत.

यासोबत प्रत्येक पदावर एक खूण करावी: हे पद धंद्याच्या मुख्य प्रवाहातले आहे की सहायक विभागातले? उत्पादन, विक्री, खरेदी, गुणवत्ता, संशोधन ही पदे एका बाजूला. एचआर, सेक्रेटेरियल, कायदा, जनसंपर्क ही दुसऱ्या बाजूला. सहायक विभाग दुय्यम असतात असे नाही, परंतु सीईओपदाकडे जाणारी वाट बहुतांशी पहिल्या गटातून जाते आणि दोन्ही गटांची सरासरी काढली की ती वाट कोणाला बंद आहे हे झाकले जाते.

कोणती विविधता, आणि माहिती गोळा कशी करावी

स्त्री-पुरुष प्रमाण मोजणे तुलनेने सोपे आहे, कारण ती नोंद पगारपत्रकात आधीच असते. बाकीच्या बाबतीत तसे नसते. सरकारी कार्यालये व सार्वजनिक उपक्रमांत आरक्षणासाठी बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे याची क्रमवार नोंद) ठेवावी लागते, त्यामुळे जात प्रवर्गाची नोंद तिथे असते. खासगी कंपनीत अशी नामावली नसते. अपंगत्वाच्या बाबतीत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि त्यांतली अनेक बाहेरून दिसत नाहीत. वरिष्ठ पदांवरील माणसे ती स्वतःहून सांगायला सहसा कचरतात, कारण ‘झेपेल का’ हा प्रश्न आपल्याबद्दल कोणी विचारावा अशी त्यांची इच्छा नसते.

ही माहिती स्वेच्छेने, एका वेगळ्या अर्जात घ्यावी आणि प्रत्येक प्रश्नाला ‘सांगू इच्छित नाही’ असा पर्याय असावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते व ती मागेही घेता येते. तेव्हा माहिती कशासाठी घेतली जात आहे आणि ती कोण पाहणार, हे अर्जाच्या वरच्या बाजूलाच साध्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहावे. ही माहिती अप्रेझल करणाऱ्या वरिष्ठाच्या हाती कधीही जाऊ नये. अहवालात ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसे आहेत त्याचा आकडा छापू नये, अन्यथा ‘पहिल्या पायरीवर एक दिव्यांग व्यक्ती’ या ओळीतून सगळ्या कंपनीला नाव कळते. स्त्री-पुरुष हा भेद उघडच असल्याने ही अट तिथे लागू करण्याचे कारण नाही.

आडनावावरून जात किंवा धर्म ताडण्याचा मोह महाराष्ट्रात विशेष होतो. तो कटाक्षाने टाळावा. एकच आडनाव अनेक जातींत आढळते, लग्नानंतर आडनावे बदलतात, काही घराण्यांनी गावावरून आडनावे घेतली आहेत. आणि अंदाज बरोबर निघाला, तरी एखाद्या माणसाने न सांगितलेली गोष्ट एक्सेलच्या रकान्यात लिहून ठेवण्याचा अधिकार कंपनीला नसतो. किती जणांनी अर्ज भरला याची टक्केवारी प्रत्येक आकड्यासोबत द्यावी. वरच्या दोन पायऱ्यांत निम्म्याहून कमी जणांनी अर्ज भरला असेल, तर निष्कर्ष काढण्याऐवजी लोकांचा विश्वास का बसला नाही याची चौकशी करावी.

यांखेरीज एक साधी बाब मोजावी, जिला कोणाच्या संमतीची फारशी अडचण येत नाही: वरची माणसे कोणत्या शिक्षणसंस्थांतून, कोणत्या विभागांतून आणि कोणत्या कारखान्यांतून किंवा शाखांतून वर आली. बरीच नेतृत्वे दोन-तीन कॉलेजांत आणि मुख्यालयाच्या एका मजल्यावर घडलेली असतात. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, किंवा हुबळीच्या कारखान्यात पंधरा वर्षे काढलेला डिप्लोमाधारक इंजिनिअर यादीत कधीच का येत नाही, हा प्रश्नही विविधतेचाच आहे.

पायऱ्या मोजाव्यात, मग पायऱ्यांमधली चढण

आता आपल्या काल्पनिक कंपनीकडे वळू. पहिल्या पायरीवर 9 अधिकारी असून 2 स्त्रिया आहेत, म्हणजे 22.2 टक्के. दुसऱ्या पायरीवर 46 पैकी 6, म्हणजे 13 टक्के. तिसऱ्या पायरीवर 180 पैकी 31, म्हणजे 17.2 टक्के, आणि चौथ्या पायरीवर 520 पैकी 130, म्हणजे 25 टक्के. वरची पायरी पाहून समाधान मानणाऱ्या संचालकाला दुसऱ्या पायरीवरचा खड्डा दिसत नाही, आणि पहिल्या पायरीवरच्या दोन्ही स्त्रिया एचआर प्रमुख व कंपनी सचिव आहेत हेही दिसत नाही. मुख्य प्रवाहातल्या पाच पदांवर स्त्रियांची संख्या शून्य आहे. शिवाय दोघींपैकी एकीने राजीनामा दिला आणि ते पद काही महिने रिकामे राहिले, तर 22.2 टक्क्यांचे 12.5 टक्के होतात. त्यामुळे वीसपेक्षा लहान गटात टक्केवारीच्या आधी नेहमी मूळ संख्या लिहावी.

काही सल्लागार इथे ब्लाऊ निर्देशांक सुचवतात: प्रत्येक गटाच्या प्रमाणाचा वर्ग करून त्यांची बेरीज एकातून वजा करायची. दहा जणांत दोन स्त्रिया असतील तर 1 वजा (0.64 अधिक 0.04), म्हणजे 0.32 येते आणि दोन गटांसाठी कमाल मूल्य 0.5 असते. तीन-चार प्रदेश किंवा अनेक शिक्षणसंस्था यांसारख्या बहुपर्यायी बाबींसाठी हा निर्देशांक बरा आहे. स्त्री-पुरुष प्रमाणासाठी त्याची गरज नाही. दोन स्त्रिया व आठ पुरुष असोत वा आठ स्त्रिया व दोन पुरुष, तो सारखाच येतो आणि संचालकांना समजावून सांगण्यातच बैठकीचा वेळ जातो.

पायऱ्यांवरची संख्या म्हणजे साठा. त्याहून महत्त्वाचा असतो प्रवाह. एका ठरावीक 1 एप्रिलला तिसऱ्या पायरीवर असलेली माणसे नावानिशी घ्यावीत आणि तीन वर्षांनी त्याच माणसांचे काय झाले ते पाहावे: किती जणांना बढती मिळाली, किती तिथेच राहिले, किती सोडून गेले. आपल्या उदाहरणात 149 पुरुषांपैकी 24 जण दुसऱ्या पायरीवर गेले, म्हणजे 16.1 टक्के, 31 स्त्रियांपैकी 3 जणी गेल्या, म्हणजे 9.7 टक्के. दोन्हींचे गुणोत्तर 0.60 येते. अमेरिकेत 1978 साली निवडपद्धतींसाठी ठरलेला चार-पंचमांशाचा ठोकताळा वापरला, तर 0.80 पेक्षा कमी गुणोत्तर दिसल्यावर निवडीची पद्धत तपासावी, असे मानतात. मात्र याच उदाहरणात आणखी एकाच स्त्रीला बढती मिळाली असती, तर गुणोत्तर बरोबर 0.80 वर आले असते. तेव्हा एवढ्या लहान संख्येवरून भेदभाव सिद्ध झाला असे म्हणू नये. पण कोणाला, कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणाने बढती नाकारली गेली याचे कागद काढून वाचण्यासाठी हे कारण पुरेसे आहे.

सोडून जाणाऱ्यांची नोंद पायरीनिहाय असावी. बीआरएसआरमध्ये तीन वर्षांचे कर्मचारी गळतीचे प्रमाण स्त्री-पुरुषनिहाय द्यावेच लागते, तसेच पालकत्व रजेनंतर कामावर परतणाऱ्यांचे व त्यानंतर टिकून राहणाऱ्यांचे प्रमाणही द्यावे लागते. हा कच्चा माल घरात तयार असतो. तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीपुरता वेगळा काढला, की गळती नेमकी कुठे आहे ते दिसते. भारतीय स्टेट बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांच्या कारकिर्दीत बँकेने स्त्री कर्मचाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या सुटीची सोय केली, ती याच टप्प्यावरच्या गळतीसाठी. अशी सोय कंपनीत असेल, तर ती घेतलेल्यांच्या बढतीचा दरही स्वतंत्र काढावा. सोय कागदावर असते आणि ती घेणाऱ्यांची नावे यादीतून गळतात, असे होऊ शकते.

सक्सेशन प्लॅन उलगडून पाहताना

सर्वाधिक वेळ द्यावा असे काम हेच आहे. आपल्या कंपनीने पहिल्या पायरीची 9 पदे, तीन कारखान्यांचे प्रमुख आणि टूलरूम व निर्यात या दोन विभागांचे प्रमुख अशी 14 पदे महत्त्वाची ठरवली आहेत. प्रत्येक पदासाठी तीन उत्तराधिकारी लिहिले आहेत: एक आत्ता तयार, एक ‘एक ते दोन वर्षांत’ आणि एक ‘तीन ते पाच वर्षांत’. म्हणजे 42 जागा. त्यांतल्या 11 जागांवर स्त्रियांची नावे आहेत आणि एचआरच्या स्लाइडवर ‘सक्सेशन पाइपलाइनमध्ये 26 टक्के स्त्रिया’ असे लिहिले आहे.

पहिले काम म्हणजे जागा सोडून माणसे मोजणे. 42 जागा 27 व्यक्तींनी भरल्या आहेत आणि त्यांत स्त्रिया फक्त 4, म्हणजे 14.8 टक्के. फायनान्समधल्या एका हुशार स्त्री अधिकाऱ्याचे नाव पाच पदांपुढे लिहिले आहे. तिला यांतले एकच पद मिळू शकते आणि ती सोडून गेली तर पाच रकाने एका दिवसात कोरे होतात.

दुसरे काम, रकान्यानुसार फोड. त्या 11 पैकी ‘आत्ता तयार’मध्ये 1, ‘एक ते दोन वर्षे’मध्ये 2 आणि ‘तीन ते पाच वर्षे’मध्ये 8 आहेत. सक्सेशन प्लॅनमध्ये लांबच्या रकान्यात नाव लिहायला कोणाचेच काही जात नाही, त्यामुळे विविधतेचा आग्रह आला की नावे तिथेच वाढतात. म्हणून तिन्ही रकान्यांची बेरीज कधीही एकत्र सांगू नये.

तिसरे काम म्हणजे नावांचे वय. मागच्या चार वर्षांच्या याद्या काढून आजच्या यादीशेजारी ठेवाव्यात. आपल्या उदाहरणात त्या 8 नोंदींपैकी 5 नोंदी चार वर्षांपूर्वीही ‘तीन ते पाच वर्षांत’ याच रकान्यात होत्या. चार वर्षांत माणूस एकही रकाना पुढे सरकला नाही, याचा अर्थ एकतर अंदाज चुकला किंवा त्याला पुढे नेण्यासाठी काहीच केले गेले नाही. या मोजमापाची अडचण तांत्रिक आहे: बहुतेक कंपन्यांत सक्सेशनची एकच एक्सेल फाइल असते आणि दरवर्षी तिच्यावरच नवे लिहिले जाते, त्यामुळे जुनी यादी उरतच नाही. प्रत्येक वर्षीची मंजूर यादी तारखेसह गोठवून, बदल करता येणार नाही अशा स्वरूपात कंपनी सचिवाकडे ठेवावी. याला खर्च काही नाही.

चौथे काम, यादीचे प्रत्यक्षात काय झाले. गेल्या चार वर्षांत या 14 पैकी 6 पदे रिकामी झाली. 4 पदांवर यादीतली माणसे आली, एकावर बाहेरून माणूस आणला, एकावर यादीत नसलेला आतला माणूस बसला. 3 पदांच्या यादीत स्त्रियांची नावे होती आणि त्यांपैकी एकही पद स्त्रीला मिळाले नाही. तीनच प्रसंग आहेत, निष्कर्ष घाईने काढू नये, हे इथेही खरे; पण प्रत्येक प्रसंगाची एक पानभर टिपण एनआरसीने मागवावी आणि तिच्यात ‘अंतिम निवडीत ती कोणत्या निकषावर मागे पडली’ या प्रश्नाचे उत्तर असावे. ‘एकंदर फिट वाटली नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

पाचवे, ज्या पदांपुढे एकही स्त्री नाही अशी पदे किती आणि कोणती. इथे 14 पैकी 6 आहेत आणि तिन्ही कारखान्यांचे प्रमुख त्यांत आहेत. कारण शोधताना थोडा इतिहास आठवावा लागतो. कारखाने कायदा, 1948 च्या कलम 66 नुसार स्त्रियांना कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच काम करता येई आणि राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री 10 ते पहाटे 5 ही वेळ बंदच होती. पुढे राज्याराज्यांत सुरक्षेच्या अटींवर ही बंदी सैल झाली. पण आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या स्त्री इंजिनिअरला उमेदीच्या वर्षांत रात्रपाळीचा शिफ्ट इन्चार्ज होताच आले नाही, आणि कारखानाप्रमुखपदाच्या निकषांत ‘शिफ्ट चालवण्याचा किमान आठ वर्षांचा अनुभव’ अशी अट असेल, तर ती यादीत येणारच कशी? अशा वेळी माणसांची संख्या मोजत बसण्यापेक्षा पदाचे निकष एकेक करून तपासावेत: कोणता निकष त्या कामासाठी खरोखर लागतो आणि कोणता केवळ आजवरच्या प्रमुखांच्या चरित्रातून उतरला आहे.

नाव यादीत येण्याआधी काय घडते

यादी तयार होते ती नाइन बॉक्सच्या, म्हणजे नऊ घरांच्या, चौकटीतून: एका बाजूला कामगिरी, दुसऱ्या बाजूला क्षमता. कामगिरीला निदान आकड्यांचा आधार असतो. क्षमता मात्र वरिष्ठाच्या मतावर ठरते. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधनात असे आढळले की स्त्रियांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा चांगले मिळत होते, पण क्षमतेचे गुण कमी मिळत होते आणि बढतीतल्या तफावतीचा मोठा भाग त्यातून येत होता. आपल्या कंपनीत तसेच आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही, कारण हे तपासणे अगदी सोपे आहे. गेल्या तीन वर्षांत कामगिरीत सर्वोच्च श्रेणी मिळालेली माणसे घ्यावीत आणि त्यांतल्या किती पुरुषांना व किती स्त्रियांना क्षमतेतही सर्वोच्च श्रेणी मिळाली ते पाहावे. हाच हिशेब कारखानानिहाय आणि शिक्षणानिहाय काढावा.

याच फाइलमध्ये ‘मोबिलिटी’ नावाचा एक निरुपद्रवी दिसणारा रकाना असतो, ज्यात बदलीला तयार आहे की नाही ते लिहितात. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे वरिष्ठांनी एकत्र बसून श्रेणी पक्क्या करण्याच्या, बैठकीत कोणीतरी म्हणतो, ‘तिचे मिस्टर पुण्यातच आहेत, मुलगा दहावीला आहे, ती चेन्नईला जाणार नाही’, आणि रकान्यात ‘नाही’ पडते. ती स्वतः बैठकीत नसते. दहावीची परीक्षा होऊन दोन वर्षे उलटली तरी ते ‘नाही’ तसेच राहते. या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने जोडावेत: ‘कोणी विचारले’ आणि ‘कोणत्या तारखेला’. ज्या नोंदीपुढे हे दोन रकाने कोरे असतील ती नोंद बाद धरावी. पुरुषांच्या नोंदींनाही हाच नियम लावावा. वृद्ध आईवडिलांमुळे बदली नको असलेले पुष्कळ पुरुष ‘होय’च्या रकान्यात न विचारताच बसवलेले असतात.

पद तात्पुरते रिकामे असते तेव्हा चार्ज कोणाला दिला जातो, हेही मोजावे. विभागप्रमुख महिनाभर रजेवर गेला, तर सहीचे अधिकार कोणाकडे जातात याचे ऑफिस ऑर्डर निघालेले असते. ते गेल्या तीन वर्षांचे काढून नावे मोजावीत. प्रभारी म्हणून काम केलेला माणूस पुढच्या निवडीत ‘अनुभवी’ ठरतो, आणि ही संधी कोणत्याही समितीपुढे न येता, तोंडी ठरून जाते. 2023 पासून नोंदणीकृत कंपनीला सीईओ किंवा व्यवस्थापकीय संचालकाचे रिक्त पद साधारणतः तीन महिन्यांत भरावे लागते. इतक्या कमी वेळात ज्याने आधी चार्ज सांभाळला आहे त्याचेच नाव पुढे येणे स्वाभाविक आहे.

उद्दिष्ट ठरवण्याआधी रिकाम्या होणाऱ्या जागा मोजाव्यात

‘2030 पर्यंत वरिष्ठ पदांवर 40 टक्के स्त्रिया’ असे वाक्य अध्यक्षांच्या भाषणात चांगले दिसते. ते लिहिण्याआधी निवृत्तीची यादी काढावी. आपल्या कंपनीच्या 14 पदांपैकी पुढच्या पाच वर्षांत 5 जण वयाच्या साठीला निवृत्त होतील आणि ते सर्व पुरुष आहेत. आज 2 स्त्रिया आहेत. 40 टक्क्यांसाठी 6 लागतील, म्हणजे रिकाम्या होणाऱ्या 5 पैकी 4 पदांवर स्त्रिया याव्या लागतील; आणि ‘आत्ता तयार’ या रकान्यात स्त्री एकच आहे. दोन पदे मिळाली तर 14 पैकी 4, म्हणजे 28.6 टक्के, हे कष्टाने गाठता येण्यासारखे उद्दिष्ट ठरते. अनपेक्षित राजीनामे आणि नवी पदे यांचा अंदाज वेगळा मांडावा, पण तो मूळ हिशेबात मिसळू नये.

उद्दिष्ट अधिकाऱ्यांच्या बोनसला जोडायचे असेल, तर ते वरच्या टक्केवारीला जोडू नये. तसे केले की हुद्दे फुगतात, एखादा विभाग दोन तुकड्यांत विभागला जातो आणि वर्षअखेरीस आकडा जमतो. असे झाले आहे का हे ओळखण्यासाठी त्या पायरीवरील स्त्री व पुरुष अधिकाऱ्यांच्या पगाराचा मध्यक शेजारी ठेवावा, जो बीआरएसआरसाठी काही गटांपुरता काढावाच लागतो. हुद्दा वाढला आणि पगाराचा मध्यक व सहीच्या अधिकाराची मर्यादा होती तिथेच राहिली, तर बढती कागदावरची आहे. बोनस जोडायचाच तर तो अधिकाऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टींना जोडावा: त्याच्या विभागातल्या किती नोंदी एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकल्या, आणि मुख्य प्रवाहातल्या किती जबाबदाऱ्या त्याने नव्या माणसांना प्रत्यक्ष दिल्या.

एनआरसीपुढे काय ठेवावे

वर्षातून दोनदा, अप्रेझलनंतर आणि अर्थसंकल्पाआधी, दोन पानांचे टिपण पुरते. पहिल्या पानावर चारही पायऱ्यांची संख्या, मुख्य प्रवाहातली पदे वेगळी दाखवून, मागच्या तीन वर्षांसह. दुसऱ्या पानावर सक्सेशनची पदे, त्यांपुढील व्यक्तींची संख्या, प्रत्येक रकान्याची स्वतंत्र फोड, चार वर्षांपासून न हललेल्या नोंदी आणि त्या सहा महिन्यांत भरलेल्या प्रत्येक पदाची कहाणी दोन ओळींत. नावे समितीपुरतीच राहावीत आणि टिपणाच्या प्रती बैठकीनंतर परत घ्याव्यात, कारण यादीत आपले नाव नाही हे कळलेला माणूस आणि पाच ठिकाणी आपले नाव आहे हे कळलेला माणूस, दोघेही दुसरी नोकरी शोधू लागण्याची शक्यता असते.